घाट चढली तर गाडी

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा, पण माणसं दोनच प्रकारची. घाटावरची आणि घाटाखालची. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलढाणा वर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर खाली. वरच्यांना खालचं ऊन सोसत नाही आणि खालच्यांना वरचा रस्ता. रेल्वेने या वादात फार पूर्वीच बाजू घेतली. मुंबई-नागपूर मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा सपाटीवरून निघून गेला, खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून फाटाही टाकून झाला, आणि जिल्ह्याचं मुख्य ठिकाण मात्र डोंगरावर बसून राहिलं. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभरी ओलांडून गेली. सर्वेक्षणं होतात, निवेदनं दिली जातात, रूळ तेवढे यायचे राहिलेत.

तोवर पिकअप आहे.

घाटावरचं सोयाबीन, तूर, देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमधलं बियाणं, बाजारच्या शेळ्या, मंडपाचे खांब, डीजेचे खोके आणि कायद्याने मनाई असूनही निम्मं वऱ्हाड, सगळं पिकअपच्या फाळक्याआड बसून जातं. २००५ साली टाटांनी 'एस' आणली तेव्हा लोकांनी तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं करून टाकलं. दोन सिलेंडरचा हा हत्ती गल्लीबोळात मोठा गुणी. पण पोती भरून राजूर घाटाला लावला की मागच्या एसटीतले प्रवासी उतरून चहा पिऊन येतील, अशी त्याची ख्याती. म्हणून घाटावरच्या माणसाचा जीव बोलेरो पिकअपवर. नवी दहा लाखांच्या घरात जाते, त्यामुळे जीव नवीवर आणि हात जुनीवर.

चिखलीकडच्या एका शेतकऱ्याने यंदा ती घ्यायची ठरवली. त्याला गावात भाऊ म्हणतात. पुढचं नाव सांगून उपयोग नाही, असा भाऊ प्रत्येक गावात आहे. त्याच्याबरोबर निघाले दाजी, म्हणजे बुलढाण्यात राहणारे बहिणीचे यजमान. यांनी आयुष्यात एकही गाडी घेतली नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही अनुभवाने बिघडलेला नव्हता. तिसरे मिस्त्री. त्यांच्या पिशवीत एक पाना, एक फडकं आणि फुटलेल्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक होतं.

तिघं एसटीने निघाले. बुलढाणा सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. तिथून मोताळ्याकडे राजूर घाट उतरतो तेव्हा कानांना दडे बसण्याइतका नाही, पण स्वेटर काढण्याइतका फरक पडतो. घाटात कडेला दोन पिकअप बॉनेट उघडून उभ्या होत्या. "गरम झाल्या," मिस्त्री खिडकीतून म्हणाले. "खालून आनलेल्या दिसतात." दाजींना हा अपशकुन वाटला. मिस्त्रींना धंदा वाटला.

मलकापूरला पाहिलेल्या गाडीचं मीटर ऐंशी हजार किलोमीटर दाखवत होतं आणि क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. मिस्त्रींनी पेडलकडे बोट दाखवलं, मालकाने आभाळाकडे पाहिलं, बैठक संपली. नांदुऱ्याजवळ, १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीपासून थोड्या अंतरावर, दुसरी होती. तिची चासी वेल्डिंगने जोडलेली. दाजी म्हणाले, जोड मजबूत आहे. मिस्त्रींनी हनुमानाला हात जोडले आणि सहा नंबरच्या हायवेने सगळ्यांना पुढे काढलं. या महामार्गाचा क्रमांक सरकारने कधीच ५३ केला आहे, पण ढाब्यांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

गाडी ठरली ती खामगावात. चांदीसाठी नाव कमावलेल्या या गावात पत्र्याचीही पारख होईल, असा दाजींचा तर्क. जुन्या गाड्या विकणाऱ्याला आपल्याकडे 'ऑटो कन्सल्टंट' म्हणतात. हे गृहस्थ पूर्वी बैलबाजारात दलाल होते. गाडी २०१४ची, एमएच-२८, पांढरी, मागे ठळक 'जय गजानन'. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गाडी गरम हाय. सकाळीच कुठी फिरवून आनली?"

"शेगावले नेली होती भाऊ, महाराजाच्या दर्शनाले. गिऱ्हाईक येनार म्हून."

या उत्तरापुढे जिल्ह्यात कोणाचं काही चालत नाही. खरं तर डिझेल गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला किती कुरकुरते यावर तिचं निम्मं आरोग्य कळतं, आणि ती गिऱ्हाईकासमोर कुरकुरू नये म्हणूनच ती आधी गरम केली जाते. मिस्त्रींनी मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवून दिलं. रिंगा-पिस्टन संपलेल्या इंजिनात खालचा वायू ते झाकण उडवून देतो. हे नुसतं थरथरलं. डिपस्टिकच्या नळीतून धूर नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही. इंजिन ऑइल खात नव्हतं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माया दिसली.

मग लोहचुंबक निघालं. ते उजव्या दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं, डाव्या दारावरून मात्र सरळ खाली पडलं. तिथे पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त होती. "दोन बोटं लांबी भरली हाय राजेहो, चुना मारल्यावानी." कन्सल्टंट म्हणाले, दार उघडतं ना? दार उघडत होतं. मुद्दा बिनतोड होता.

कागदं पाहायला मिस्त्री नकार देतात. ते क्षेत्र दाजींनी घेतलं आणि इथे ते अनपेक्षितपणे कामाचे निघाले. आरसी बुकात नाव पहिल्या मालकाचं, गाडी फिरली त्यानंतर आणखी दोघांच्या हातांतून. प्रत्येकाने टीटीचा सेट, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, सही करून कोराच पुढे दिलेला. मोटार वाहन कायदा म्हणतो की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवावं. बाजार म्हणतो, पुढचं गिऱ्हाईक करून घेईल. २०१८ साली अशाच एका हातोहात विकल्या गेलेल्या गाडीच्या अपघाताचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर टाकली, जो कधीच गाडी विकून मोकळा झाला होता. दाजींनी हे पेपरात वाचलेलं. त्यांनी ते कन्सल्टंटला इतक्या सविस्तर सांगितलं की पहिल्या मालकाला फोन लागला, आणि शेगावच्या पुढच्या एका गावातून एक घाबरलेले शेतकरी तासाभरात मोटारसायकलवर हजर झाले. सह्या ताज्या झाल्या. फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ त्यांच्या घरच्या ट्रंकेत होता. तो दुसऱ्या खेपेला आला. थकलेले ई-चलान मोबाइलवर तपासले, तेही विकणाऱ्याच्या हिशेबात घातले.

भाऊंची बोलणी रुमालाखाली झाली. सवयच तशी. कन्सल्टंटनी हात पुढे केला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागले. भाऊंचं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलेलं, त्यांना बोटं कळली. दाजींना कळेना, ते मोठ्याने "किती? किती?" विचारत राहिले. तीन लाख दहा हजारांवर रुमाल उचलला गेला.

परतीला बोथ्याचा घाट घ्यायचा ठरलं, कारण दाजींना बुलढाण्यात सोडायचं होतं आणि परिवहन कार्यालयही तिथेच. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. हौदा रिकामा होता, रस्ता बरा होता, भाऊ स्टिअरिंगवर होते. लायसन हलक्या मोटार वाहनाचं, मालवाहूचा शिक्का नाही, पण त्याची चिंता उरलेली नव्हती. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हेच लायसन चालतं असं सांगून टाकलं आहे. परमिटही नको होतं, कारण एकूण भारित वजन ३,००० किलोच्या आत असलं की मालगाडीला ते लागत नाही. कायद्याच्या सगळ्या बाजूंनी निर्धास्त असताना चढ सुरू झाला आणि काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. मग वाफ. मग शांतता आणि जंगल.

दाजी झाकण उघडायला धावले. मिस्त्री ओरडले, "हात नका लावू, तोंड भाजन!" गरम रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, झाकण ढिलं केलं की उकळतं पाणी फवाऱ्याने बाहेर येतं. तेव्हा थांबणं आलं. आणि अभयारण्यात थांबलं की कोणीतरी वाघाचा विषय काढतंच. तो दाजींनी काढला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेलंगणात शिरून परत महाराष्ट्रात, शेतं-नद्या-रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून २०१९च्या डिसेंबरात याच ज्ञानगंगेत दाखल झाला होता.

"तेराशे," मिस्त्री म्हणाले. "अन् इले खामगावपासून घाट नाही चढवला."

बाटलीतलं पाणी टाकत, थांबत, पुन्हा टाकत गाडी संध्याकाळी बुलढाण्यात पोचली.

रेडिएटरवाल्याने टाकी खोलली तेव्हा कारण हाताला लागलं. नळ्यांच्या आत पांढरा, टणक खार बसलेला. गाडी शेगावच्या पुढची आणि तो सगळा पट्टा खारपाणाचा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या घाटाखालच्या गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते पिऊन माणसांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या तक्रारी संग्रामपूर-जळगाव जामोदकडून वर्षानुवर्षं येतात आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. गाडीची गोष्ट तीच. मालकाने कुलंटचे पैसे वाचवून बोअरचं पाणी ओतलं. पाणी उकळलं, क्षार तळाशी राहिले, नळ्या बुजल्या. सपाटीवर इंजिनाला फार ताप नसतो, म्हणून दहा वर्षं कोणाला कळलं नाही. वर कोणा हुशार माणसाने थर्मोस्टॅट काढून फेकलेला, गाडी थंड राहील या समजुतीने. ती सकाळी नीट गरमही होत नव्हती आणि चढावर थंडही राहत नव्हती.

मिस्त्रींनी रेडिएटरला रॉडिंग करायला दिलं, थर्मोस्टॅट नवा बसवला, कुलंट मापात भरलं आणि भाऊंना बजावलं, "हिच्यात पानी टाकलं तर माह्याकडं येऊ नका." मग सगळं निघत गेलं. हीटर प्लग चारांपैकी दोन मेलेले, म्हणजे दर्शनाचं रहस्य उलगडलं. जॉइंट क्रॉस वाजत होता. मागच्या पाट्यांत एक पान जास्त टाकलेलं; ते कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त माल भरणाऱ्या माणसाने टाकलेलं असतं, आणि त्याची शिक्षा रिकाम्या गाडीत बसणाऱ्याच्या कमरेला होते. ब्रेकचे लायनर बदलले. यात मिस्त्रींनी एक रुपयाची घासाघीस ऐकून घेतली नाही, आणि राजूर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. डाव्या दाराला मात्र त्यांनी हात लावला नाही. लांबी काढली तर आत काय उरेल याची त्यांना खात्री नव्हती.

पेंटरने मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहू का विचारलं. महाराष्ट्राने २०१५ साली या तीन शब्दांवर बंदी घातली, पण त्याच्याकडे स्टेन्सिल होतं आणि स्टेन्सिल वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. 'जय गजानन' तेवढं ठेवलं.

पासिंगचा दिवस. गाडी आठ वर्षांवरची, त्यामुळे पर्यावरण कर भरायचा आणि फिटनेस दरवर्षी घ्यायचा. १ एप्रिल २०१९च्या आधीची, म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी. तिच्या मुदतवाढी इतक्या झाल्या की पहिल्या मालकाने मुदतीपेक्षा मुदतवाढीवरच विश्वास ठेवला आणि तो विश्वास गाडी विकेपर्यंत टिकला. रिफ्लेक्टर टेप चिकटवली. पीयूसी झालं. विमा भाऊंच्या नावावर करायचा अर्जही गेला, त्यालाही मुदत १४ दिवसांचीच. शेवटी चासी नंबरची पेन्सिलछाप घ्यायची होती आणि नंबर सापडेना. आधीच्या प्रत्येक मालकाने चासीला काळा रंग दिला होता, प्रत्येकाने त्या नंबरवरूनच. मिस्त्री आडवे होऊन पान्याच्या टोकाने रंग खरवडत राहिले, दाजी वरून आकडे आरसी बुकाशी ताडून मोठ्याने वाचत राहिले, आणि रांगेतली बाकी मंडळी प्रत्येक आकड्याला "बरोबर!" म्हणत राहिली.

पहिली खेप सोयाबीनची, मलकापूरला. उतरताना ब्रेक नीट लागले. येताना खताची पोती भरून राजूर घाट चढला आणि काटा मध्यावरून हलला नाही. खर्च किती झाला ते भाऊंनी घरी अजून सांगितलेलं नाही. दाजींनी मात्र बुलढाण्यात सांगितलं आहे की ही गाडी त्यांनी पारखली, आणि आता त्यांच्याकडे लोक सल्ला विचारायला येतात.

घाटाखाली जुनी पिकअप पाहायला निघाला असाल तर रंग, टायर, टेप नंतर पाहा. आधी रेडिएटरचं झाकण उघडा, तेही इंजिन थंड असताना. गाडी नुकतीच दर्शनाला जाऊन आली असेल, तर ती पुरती गार होईपर्यंत समोरून हलू नका. कचोरी तिथेच मागवा.