लेबलरावांस अनावृत पत्र

प्रोटीन पावडरच्या डब्यावर बिराजमान श्री. लेबलराव यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र आपल्यालाच आहे, आतल्या पावडरीला नाही. ती बिचारी साधी. चीज करताना उरणारी निवळी गाळून-वाळवून केलेलं दुधाचंच अन्न. सिंह, वीज आणि सोनेरी अक्षरं हा थाट सगळा आपला.

व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक घशाखाली गेला नाही तर घाम फुकट, ही धास्ती आपल्याच गोतावळ्याने पसरवली. 2013 साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी याविषयीचे प्रयोग एकत्र तपासले. दिवसभराचं एकूण प्रोटीन हिशेबात घेतल्यावर घड्याळाला फारसा अर्थ उरला नाही. एकूण किती, तेही 2018 मध्ये 49 प्रयोगांच्या विश्लेषणातून दिसलं : वजनाच्या किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम झाल्यावर स्नायूंत सरासरी आणखी भर पडत नाही. म्हणजे सत्तर किलोच्या गड्याला 112 ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात. दूध, डाळ, चिकन, सोयाबीनच्या वड्या धरल्या की पावडर ही सोय ठरते, गरज नव्हे. कोल्हापूरच्या तालमींतला दूध-थंडाईचा खुराक आपल्या मदतीशिवायच चालत आला. (बदामाचं कौतुक तिथेही जरा जास्तच, त्यात प्रोटीनच्या दुपटीहून अधिक चरबी असते.)

आपले धाकटे बंधू बीसीएए यांच्याबद्दल काय बोलावं? स्नायू बांधायला आवश्यक अमिनो आम्लं नऊ लागतात. हे तिघांना घेऊन येतात आणि किंमत नवांची सांगतात.

पण खरी तक्रार वेगळीच. भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासणारा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 70 टक्के पावडरींत आपण छापलेला आकडा आणि डब्यात सापडलेलं प्रोटीन यांचा मेळ बसेना. 14 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रोटीनचा अंदाज बांधतात, म्हणून ग्लायसीन हे स्वस्त अमिनो आम्ल मिसळूनही आकडा फुगवता येतो. ही युक्ती आपल्या कानावर असेलच.

त्याहून गंभीर प्रकरण कोलोनच्या डोपिंगविरोधी प्रयोगशाळेने 2004 मध्ये मांडलं. 13 देशांतून घेतलेल्या 634 पूरक उत्पादनांपैकी 94 मध्ये स्टिरॉइड सापडले आणि त्यांचा लेबलावर उल्लेखच नव्हता. खेळाडू चाचणीत सापडला की नियमानुसार जबाबदारी त्याचीच. आपण नामानिराळे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

ता. क. : शेजारच्या फळीवरच्या क्रिएटिन मोनोहायड्रेटला नमस्कार सांगावा. ताकदीच्या व्यायामात रोज तीन ते पाच ग्रॅमचा उपयोग भरपूर अभ्यासांत दिसला आहे. तरी किडनी जाते ही आवई त्याच्याच माथी. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनीसाठीच्या रक्ततपासणीत त्याचा आकडा थोडा वर दिसू शकतो. निरोगी माणसाच्या किडनीला एवढ्या मात्रेने इजा झाल्याचं आढळलेलं नाही. तपासणीआधी डॉक्टरांना कल्पना द्यावी, एवढी ओळ छापायला आपल्याकडे जागा निघेल काय?