बुके पोचला का?

खान्देशात फुलांचं खातं पूर्वापार ठरलेलं आहे. देवाला वाहायची, पुढाऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तिरडीवर टाकायची. बायकांच्या केसातला गजरा सोडला, तर संपलं. यातले देव आणि मयत काही बोलत नाहीत, आणि पुढारी हार पडताक्षणी तो काढून मागच्या कार्यकर्त्याकडे सरकवतो. त्यामुळे फुलं मिळाल्यावर चेहरा कसा करायचा, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडलाच नव्हता. तो अलीकडे पडायला लागला आहे. पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला गेलेली पोरं मोबाइलवर बोट टेकवतात आणि आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला जळगाव-धुळ्याच्या दारात बुके हजर होतो. सत्तरीतलं माणूस चौकटीत उभं राहून तो करकर वाजणारा सेलोफेनचा ऐवज हातात घेतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "पैसे द्यायचे आहेत का?"

जळगाव तर तोलून द्यायघ्यायचं गाव. सोनं तोळ्यावर, केळी क्विंटलवर, डाळ कट्ट्यावर. हिवाळ्यात भरताच्या पार्टीला किती किलो वांगी भाजली, यावर यजमानाची पत ठरते. त्या वांग्यांना आणि केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे आता तोलायला सरकारी साक्षीदार आहे. झेंडूसुद्धा दसऱ्याला किलोवरच येतो. अशा गावात दहा डच गुलाब, तेही नगावर, आठशे रुपयांना! तराजूत टाकले तर काड्यांसकट पाव-अर्धा किलो भरायचे. नाक मुरडणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचा हिशेब चोख आहे, फक्त तो भलत्या मालाला लावला आहे.

माझी मावशी धुळ्याला देवपुरात राहते. तिचा मुलगा बंगळूरला. त्याचा पहिला बुके आला तेव्हा तिने तो चारी बाजूंनी न्याहाळला, लालभडक जरबेऱ्यांकडे बोट दाखवलं आणि आणणाऱ्याला अहिराणीत विचारलं, "येनी भाजी व्हस का?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. "काबरं भो, इतला खर्च?" हा प्रश्न तिने मुलाऐवजी फुलवाल्यालाच केला. बिचाऱ्याने नुसते हात जोडले. पण मावशीच्या घरात काही वाया जात नाही. फुलं दोन दिवस दत्ताच्या तसबिरीपुढे गेली, टोपलीत लसूण आला, आणि लाल रिबीन पोळ्यापर्यंत जपून शेजारच्या गोऱ्ह्याच्या शिंगाला बांधली गेली. टोपलीच्या तळाशी हिरव्या फोमची वीट निघाली, ज्यात काड्या खोचतात ती. ओहायोतल्या स्मिथर्स नावाच्या माणसाने १९५४ साली हा फोम बाजारात आणला आणि जगभरच्या फुलवाल्यांचा जन्माचा प्रश्न सोडवला. मावशीने त्या फोमने कढई घासून पाहिली. दोन मिनिटांत त्याचा भुगा झाला. अमेरिकन मालाबद्दलचं तिचं मत त्या दिवशी कायमचं ठरलं.

दूरच्या गावी फुलं पाठवण्याची ही युक्ती तशी जुनी. १९०८ साली बर्लिनमध्ये मॅक्स ह्यूबनर या फुलवाल्याने दुकानदारांची साखळी बांधली. दोन वर्षांनी अमेरिकेत काही फुलवाले एकत्र आले. तत्त्व अगदी साधं होतं. फुलं प्रवास करत नाहीत, तार करते. गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या दुकानात पैसे भरायचे, दुकानदाराने दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार ठोकायची, आणि त्याने आपल्याकडची ताजी फुलं बांधून घरी पोचवायची. आपल्याकडे अशी तारेवरची फुलं नव्हती, पण तारेतले शुभेच्छांचे आकडे होते. दिवाळीचा एक, लग्नाचा दुसरा, बाळ झाल्याचा तिसरा. इकडून आकडा गेला की तिकडे अख्खं वाक्य उमटायचं. माझ्या आजोळी लग्नातल्या तारा मांडवात मोठ्याने वाचून दाखवत. प्रत्येक तार सारखीच असे आणि तरी दर वेळी माना डोलत. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली. आकड्यावर भावना पाठवायची सोय मात्र बुकेवाल्यांनी चालू ठेवली आहे. 'कॉम्बो क्रमांक चार' म्हटलं की फुलं, केक आणि एक अस्वल.

आता ऑर्डर घेणारं संकेतस्थळ असतं दिल्लीत नाहीतर बंगळुरात, आणि त्यावरच्या चित्रात पांढऱ्या लिली आणि जांभळी ऑर्किडं डुलत असतात. ऑर्डर येते धुळ्याच्या फुलवाल्याकडे. त्याच्या बादल्यांत त्या दिवशी काय आहे? नाशिककडून आलेले डच गुलाब, जरबेऱ्याची एखादी गड्डी, शेवंती, निशिगंधाच्या काड्या, हिरवाईला अरेका पामची पानं. पुण्या-नाशिकहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत जे निघालं आणि सकाळी जिवंत उतरलं, ते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की उपलब्धतेनुसार फुलांत बदल होऊ शकतो. त्या बारीक अक्षरांवर आमच्या फुलवाल्याचं सगळं स्वातंत्र्य उभं आहे. त्याला मी एकदा विचारलं, लिलीच्या ऑर्डरला तू काय देतोस? तो म्हणाला, "जिभाऊ, लिली म्हणजे शेवटी पांढरं फूल. निशिगंध बी पांढराच. अन् वास तर आपल्याचाच जास्त." मला हे पटलं. चित्राबरहुकूम फुलं हवी असतील तर चित्रच पाठवावं.

फुलवाल्याचा खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की दुकानात शीतपेयांचं कपाट येतं. गुलाब त्या कपाटात आणि मालक पंख्याखाली, अशी तेव्हा बसायची व्यवस्था असते. बुके सकाळी आठच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात निघालेला गुलाब पत्त्यावर पोचेपर्यंत मान टाकतो, आणि मान टाकलेला गुलाब पाहून घरची माणसं शुभेच्छांचा उलटा अर्थ लावतात.

पण उन्हापेक्षा अवघड असते ती मध्यरात्रीची डिलिव्हरी. परदेशातल्या पोरांना तिचं फार आकर्षण. ठोक्याला बारा वाजता दार वाजावं, दारात फुलं असावीत, आईच्या डोळ्यांत पाणी यावं! धुळ्यात रात्री बारा वाजता कडी वाजली की माणूस आधी विचारतो, "कोण गेलं?" दिवे लागतात, शेजारचे जागे होतात, एखादा धोतर सावरत येतो. आणि त्यात दारात खरोखरच फुलं घेऊन माणूस उभा असेल, तर खात्रीच पटते. अशा एका रात्री एका आजोबांच्या पंचाहत्तरीचा बुके त्या आजोबांनाच दाखवून, हे आपल्या घरचं नव्हे, पलीकडच्या गल्लीत विचारा, असं सांगून परत पाठवण्यात आला होता. तेव्हापासून फुलवाला मध्यरात्रीची ऑर्डर घेतो आणि पोचवतो सकाळी साडेसहाला. अमेरिकेत तेव्हा अजून आदला दिवसच चालू असतो, त्यामुळे तक्रार येत नाही.

पत्त्याच्या बाबतीत धुळ्याने फुलवाल्यावर उपकार केले आहेत. १८१८नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्जने इथे आखीव पेठ वसवली. जुन्या धुळ्यात अजून गल्ल्यांना नंबर आहेत. 'गल्ली नंबर पाच' म्हटलं की पोऱ्या डोळे मिटून जातो. ब्रिग्जने हे व्यापाऱ्यांसाठी केलं, पण दोनशे वर्षांनी त्याचा फायदा गुलाबांना होतो आहे. जळगावला मात्र कॉलन्याच कॉलन्या, आणि प्रत्येक देवाच्या नावाचं एकेक नगर. तिथे पत्ता चौकावरून सांगायचा. आकाशवाणी चौकातून उजवीकडे, काव्यरत्नावली चौकातून डावीकडे.

या काव्यरत्नावली चौकाशी मी दर वेळी रेंगाळतो. 'काव्यरत्नावली' हे फक्त कवितेला वाहिलेलं मासिक. नारायण नरसिंह फडणीसांनी ते १८८७ साली जळगावातून सुरू केलं. १९०७ साली इथेच कविसंमेलन भरलं आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. 'फुलराणी' लिहिणारा हा कवी धरणगावचा. जिथे गाव एप्रिलपासूनच करपायला लागतं, तिथला! हिरवळ आणि कळ्या त्याने कुठे पाहिल्या, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांनी पद्मालयाचं कमळांनी भरलेलं तळं पाहिलेलं नसतं आणि फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पेटलेला पळसही पाहिलेला नसतो. एकूण, या गावाने मराठीला फुलं पाठवली ती मासिकातून. डाकखर्च निराळा पडत असेल, पण सुकली नाहीत.

शेतकऱ्याची फुलं आणखी वेगळी. रावेर-यावलच्या बागांत केळ निसवली, फण्या मोकळ्या झाल्या, की खालचं जांभळं केळफूल मोडून टाकतात, म्हणजे सगळं पोषण घडाला जातं. जळगाव जिल्ह्यात सगळ्यांत मोठं फूल हेच, आणि त्याचा सत्कार असा. कपाशीला फुलं लागली की माणूस हरखतो, पण गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो. ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. ज्याने जन्मभर असल्या कळ्या वेचून नष्ट केल्या, त्याच्या हातात मुलाने दहा गुलाबकळ्या दिल्या, तर त्याने आधी एक कळी उकलून पाहावी, यात नवल नाही. आमच्या मामांनी उकलली. आत काही नव्हतं. "माल चांगला आहे," ते म्हणाले.

पुढाऱ्यांच्या हारांबद्दल खरं तर बोलू नये, पण फुलवाल्याचं वर्ष तेच तारतात. क्रेनला टांगलेला हार, जेसीबीच्या तोंडातून उधळलेल्या पाकळ्या, हे सगळं आता तालुक्यापर्यंत आलं आहे. २०१७ साली केंद्र सरकारातून सूचना निघाली, की दौऱ्यावरच्या पंतप्रधानांना बुके नको, फार तर एखादं फूल आणि पुस्तक द्या. मग काही दिवस पुस्तकं वाटली गेली. ती पुस्तकं आता कुठे आहेत, हे शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. फुलांचं एक बरं, संध्याकाळी ती न वाचल्याचा आळ कुणावर येत नाही.

मावशीकडे आता वर्षातून तीन-चार बुके येतात. वाढदिवस, मातृदिन, दिवाळी, आणि मुलाची बढती झाली की उगाचच एक. फुलवाला आता घरचाच झाला आहे. दारातून परत जायचं नाही, चहा घ्यायचाच, हा तिचा नियम. मागे एका वाढदिवसाला संकेतस्थळाचा ठरलेला मजकूर मुलाला गेला, 'तुमची ऑर्डर पोचली आहे.' मुलाने खातरी करायला फुलवाल्यालाच फोन लावला, बुके पोचला का? फुलवाला म्हणाला, "पोचला दादा. आई खूश झाल्या. फक्त गुडघ्याला पट्टा दिसला, उठताना भिंत धरत होत्या."

मुलगा रोज संध्याकाळी आईशी बोलतो, व्हिडिओवर. त्यात ती खांद्यापर्यंतच दिसते. गुडघ्याचा विषय तिने चार महिने निघू दिला नव्हता. त्या रात्री बंगळूरहून फोन आला, दोन दिवसांनी मुलगा स्वतः आला, हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन फोटो काढून झाले. मावशीचा सगळा राग फुलवाल्यावर. "फुलं द्यायले येस का चौकशी कराले?" मला तिने सांगितलं, की पुढच्या खेपेला त्याला ओट्यावरूनच वाटेला लावणार.

लावलं नाही, अर्थात. पण आता ज्या दिवशी बुके यायचा असतो त्या दिवशी ती सकाळीच पट्टा काढून उशीखाली ठेवते, नवं लुगडं नेसते, आणि दाराजवळच्या खुर्चीत अशी बसते की उठायचं कामच पडू नये. चहाचा थर्मास आणि कप शेजारच्या स्टुलावर आधीच मांडलेले. फुलवाला येतो, फुलं देतो, बसतो, चहा पितो. आणि मग म्हणतो, "मावशी, जरा गार पाणी मिळेल का? माठातलं." माठ मागच्या खोलीत आहे.