आपण हरलो

मी कोल्हारचा. एवढं सांगितलं की जिल्ह्याबाहेरचा माणूस हमखास विचारतो, "कोल्हापूर का?" त्याला सांगावं लागतं की मधला 'पू' काढा. नगर-मनमाड रस्ता, प्रवरेवरचा पूल, भगवतीमातेचं मंदिर, ते आमचं गाव. शिर्डीहून शिंगणापूरला निघालेले भाविक आमच्या चौकातून जातात आणि शक्यतो थांबत नाहीत. त्या 'पू'बरोबर फुटबॉलही तिकडेच राहिला, अशी माझी समजूत होती. कोल्हापुरात पेठापेठांचे, तालमींचे संघ आहेत. आमच्या शाळेच्या मैदानावर क्रिकेट होतं, कबड्डी होते आणि पाऊस झाला की काहीच होत नाही.

तरीही मी गेली बारा वर्षं फुटबॉलमध्ये हरतो आहे. सरासरी पंधरवड्याला एकदा.

सुरुवात अशी झाली. निवृत्तीनंतर सकाळी सातला चौकातल्या टपरीवर चहा आणि पेपर, एवढाच माझा कार्यक्रम. एक दिवस माझा एक माजी विद्यार्थी शेजारी येऊन बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, "सर, आपण हरलो."

मला वाटलं सोसायटीची निवडणूक. विचारलं, "किती मतांनी?"

"दोन-शून्य."

मी म्हटलं, मतदान फारच कमी झालं. मग कळलं की हरलं ते मँचेस्टर युनायटेड.

मी हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे माझी तक्रार फुटबॉलबद्दल नाही, सर्वनामाबद्दल आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसं, ऐकणारा त्यात नाही. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. "आम्ही जेवलो" म्हटलं तर पाहुणा उपाशी असतो, "आपण जेवू" म्हटलं तर पाट मांडावा लागतो. (तिसरं एक आदरार्थी 'आपण' असतं, "आपण बसावे" मधलं. ते आमच्या चौकात सहसा ऐकू येत नाही.) हा धडा मी याच मुलांना शिकवला. ती "आम्ही हरलो" म्हणाली असती तर मी दुःखात सहभागी होऊन पेपर वाचत राहिलो असतो. पण ती म्हणतात "आपण". म्हणजे मी रात्री दहाला अंगावर गोधडी घेऊन झोपतो आणि सकाळी उठतो तो पराभूत. माझी संमती कुणी घेतलेली नसते.

बरं, हरणारा संघ यांनी मुहूर्त काढून निवडल्यासारखा. अॅलेक्स फर्ग्युसन नावाच्या माणसाने तिथे १९८६ ते २०१३ मॅनेजरकी केली आणि तेरा वेळा लीग जिंकून दिली. तो निवृत्त झाला आणि आमच्या मुलांनी संघ धरला. म्हणजे कांद्याचा भाव पडला त्या वर्षी कांदा लावला.

'मॅनेजर' हा शब्दही मला सुरुवातीला अवघड गेला. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे बँकेचा नाहीतर पतसंस्थेचा. त्याची बदली झाली की शाल-नारळ देतात, दोन भाषणं होतात, त्यात तो कधीच नव्हता इतका मनमिळाऊ ठरतो. मँचेस्टरलाही नारळच देतात, शाल देत नाहीत. मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत नारळ. व्हान गाल २०१६ साली शनिवारी एफए कप जिंकला, सोमवारी नारळ. मग मोरिन्यो. मग सोल्शार, वॉटफर्डकडून ४-१ने हरल्यावर. मग टेन हाख. यातल्या प्रत्येकाला आणायचा निर्णय आमच्या टपरीवर एकमताने झाला होता आणि काढायचाही. फर्ग्युसनला पहिली लीग जिंकायला सातवा हंगाम उजाडला होता, हे मी एकदा सांगून पाहिलं. मुलं म्हणाली, "सर, तेव्हाची गोष्ट वेगळी." एकतीस वर्षं स्टाफरूममध्ये मीही हेच वाक्य वापरत आलो, म्हणून गप्प बसलो.

टेन हाखनंतर २०२४च्या नोव्हेंबरात पोर्तुगालहून रुबेन आमोरिम आला. त्याच्याबरोबर बचावाला मागे तीन खेळवायचे की चार, हा प्रश्न कोल्हारात आला. त्याआधी आमच्याकडे असा प्रश्न फक्त चुलत्यांच्या वाटणीत निघत असे. आमोरिम म्हणे मागे तीन. आमच्यातले निम्मे म्हणत चार. उरलेले म्हणत की तीन चालतील, पण ब्रूनोला इतका मागे का खेळवतो आणि मैनूला बाकावर का बसवतो. हे समजावण्यासाठी बाकड्यावर मैदान मांडलं जाई. बिस्किटाचा पुडा म्हणजे गोल, खारीचे तीन तुकडे बचावाला, क्रीमरोल मध्यभागी, काड्यापेटी ब्रूनो. एकदा कडेचा माणूस कमी पडला. एकाने माझ्या हातातला कप घेतला आणि उजव्या बाजूला ठेवला.

कपात अर्धा चहा होता.

"सर, हा अमाद. याने वर जायचं, आणि बॉल गेला की पळत मागे यायचं." कप वर गेला, मागे आला, पुन्हा वर गेला. चहा थोडा बाकड्यावर, थोडा राज्यघडामोडींवर सांडला. मी म्हटलं, माझा कप परत द्या. उत्तर आलं, "सर, तोच तर प्रॉब्लेम आहे, तो परतच येत नाही." बाकड्यावर त्या दिवशी आमोरिमचा पराभव झाला. शेवटी क्रीमरोल खाल्ला गेला. चहा गार झाला होता. त्या हंगामात संघ पंधरावा आला आणि बिलबाओच्या युरोपा लीग फायनलमध्येही टॉटनहॅमकडून हरला. टॉटनहॅमवाला आमच्या गावात एकच आहे. त्याला त्या दिवशी कुणी भजीसुद्धा दिली नाही. पुढे सोळा दिवसांत टॉटनहॅमने त्या जिंकून देणाऱ्या मॅनेजरलाच काढलं. तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून आमच्या टॉटनहॅमवाल्याचं सांत्वन केलं.

आता २७ ऑगस्ट २०२५ची रात्र. त्या दिवशी गणेश चतुर्थी. दुपारी वाजतगाजत गणपती बसला आणि रात्री मंडपात राखणीला सात जण थांबले. मंडप माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. युनायटेडचा सामना ग्रिम्सबी नावाच्या मासेमारीच्या गावाशी होता, चौथ्या पायरीवरचा संघ, आणि तो आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होत होता. सव्वादोनच्या सुमारास मॅग्वायरने २-२ बरोबरी केली. मला हे कळलं, कारण त्या क्षणी कुणीतरी ढोलावर टिपरू मारलं.

मी बॅटरी घेऊन खाली गेलो. ओरडायलाच गेलो होतो. प्रसादाच्या डब्याला मोबाईल टेकवलेला आणि सात डोकी त्यावर वाकलेली. पेनल्ट्या सुरू झाल्या होत्या. मला वाटलं पाच-पाच होतील आणि झोपता येईल. पाच झाल्या, सहा झाल्या, आठ झाल्या, दहा झाल्या. एका मुलाला बघवेना म्हणून तो पाठ फिरवून गणपतीकडे तोंड करून उभा राहिला. पडद्यावर आमोरिमही बघत नव्हता, आडोशाला मान खाली घालून बसला होता. शेवटी एंबेमोचा चेंडू वरच्या दांड्यावर आपटला आणि १२-११ असा निकाल लागला. बारा-अकरा. ग्रामपंचायतीच्या ठरावाला शोभेल असा.

सातही जण काही बोलेनात. मग पाठ फिरवलेला म्हणाला, "सर, आपण..."

"कळलं," मी म्हटलं.

समईतलं तेल केव्हाच संपलं होतं. ही मंडळी राखणीला बसली होती.

माझा पुतण्या यांच्यातलाच. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात तो उसाला दारं धरायला जातो, बिबट्याच्या भीतीने खिशात फटाके ठेवतो आणि मोबाईलवर सामना लावतो. बिबट्या अजून आलेला नाही. पण सत्तराव्या मिनिटाला मॅनेजरने चुकीचा खेळाडू बदलला आणि आमचं पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. शेजारी भांडायला आला तेव्हा पुतण्याने त्याला बदललेल्या खेळाडूचं नाव सांगितलं. शेजारी लिव्हरपूलचा निघाला. तासभर दोघं बांधावर बोलत होते. कांद्याचा विषय निघालाच नाही.

कुणी म्हणेल, मुलांनी गावात लक्ष घालावं. आमच्या दारातला महामार्ग घ्या. त्याच्या कामाचे ठेकेदार बदलत गेले, खड्डे कायम राहिले. विषय अगदी हातातला आहे, मॅनेजर बदलण्याचाच. पण टपरीवर कुणी म्हणत नाही की आपण रखडलो. तिथे 'ते' असतात. "ते करीनात." सात-एक हजार किलोमीटरवरचं मैदान आपलं आणि दारातला रस्ता त्यांचा.

कोल्हापूरकरांना मी हे सर्वनाम माफ केलं आहे. पाटाकडील हरलं, दिलबहार हरलं, तर शाहू स्टेडियममधून बाहेर पडणारा माणूस "आपण हरलो" म्हणतो ते हिशेबाला धरून असतं. पेनल्टी चुकवणारा त्याच्याच पेठेत राहतो. त्याच्या दारात जाऊन विचारता येतं, आणि त्याची आई चहासुद्धा देते. आमोरिमच्या आईचा पत्ता आमच्याकडे नाही. भारताच्या संघाचंही 'आपण' मी चालवून घेईन. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये भारताचा कोच कोण झाला, असं मी वर्ग घेतल्यासारखं विचारलं तर सगळे काड्यापेटीकडे बघू लागले. खालिद जमील, बाळांनो. ज्याने २०१७ साली मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली तो. एक जण म्हणाला, "सर, परीक्षेला आहे का?"

हरल्याच्या सकाळी चहाचे पैसे सर देतात, अशी एक प्रथाही मध्यंतरी पडली. कुणी पाडली माहीत नाही. दुःखी माणसाकडे सुट्टे नसतात, एवढंच मला दिसलं.

२०२६च्या ५ जानेवारीला आमोरिमलाही नारळ मिळाला. पुढे हंगाम संपेपर्यंत मायकल कॅरिकला नेमलं. त्याने आल्या आल्या मागे चार खेळवले, ब्रूनोला पुढे आणलं, मैनूला पहिल्यापासून मैदानात उतरवलं आणि १७ तारखेच्या शनिवारी मँचेस्टर सिटीला २-० हरवलं. म्हणजे आमच्या बाकड्यावर वर्षभर खारी मोडून जे जे ठरलं होतं ते सगळं त्याने केलं. सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाचा. रात्रीची झोप कुणाची मोडली नव्हती. रविवारी सकाळी मी मुद्दाम पावणेसातला जाऊन बसलो. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वाट बघत होतो. सिटीला हरवलं होतं. माझंही काहीतरी असेलच त्यात.

सहा जण आले. लाल जर्सी, त्यावर स्वेटर. बसायच्या आधीच एकाने बाकड्यावर थाप मारली.

"आम्ही म्हणत नव्हतो का!"

दुसरा म्हणाला, "आम्ही पहिल्यापासून सांगत होतो, चार ठेवा म्हणून."

तिसरा म्हणाला, "मैनूचं तर आम्हीच..."

मी पेपर खाली ठेवला. थोडा वेळ थांबलो. नीट ऐकलं. त्यांनी चहा घेतला, खारी घेतली, गोल दोनदा करून दाखवले, आणि ऊसतोडीची गाडी आली म्हणून पुतण्यासह सगळे उठून गेले.

टपरीवाला कप गोळा करायला आला. एरवी तो मला "ओ मास्तर" म्हणतो. त्या दिवशी त्याने फडका खांद्यावर टाकला, कप मोजले आणि किंचित वाकून म्हणाला,

"सर, आपले सत्तर रुपये झाले."