पेंग्विनअण्णा

सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर कुणी नुसतं "कॉम्प्युटर घ्यायचाय" म्हटलं, की शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ कप खाली ठेवतात. हे पेंग्विनअण्णा. अशी असामी मिरजेत असते, कराडात असते, साताऱ्याच्या राजवाड्याजवळही असते. नाव बदलतं, टी-शर्टवरचा पेंग्विन कायम. जवळच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' आहे. अण्णा त्याचे सभासद नाहीत, पण तिथल्या प्रत्येक पोराला दीक्षा आपणच दिली, अशी त्यांची समजूत आहे.

माझ्या साताऱ्याच्या भाच्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. कारण विचारलं तर "अभ्यास". कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणून त्याला अण्णांपुढे उभं केलं. सोबत कंदी पेढ्यांचा पुडा. अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि बजेट विचारायच्या आधीच उलटतपासणी सुरू केली.

"एसएमपीएस केवढा हाय?"

"साडेचारशे वॅट."

"क्यूडा लागतंय का? खरं सांग."

"ते काय असतं?"

"मग न्हाई लागत."

क्यूडा हे एनव्हिडियाचंच तंत्र; ते लागत असेल तर गुमान एनव्हिडियाचं कार्ड घ्या, हे अण्णा प्रामाणिकपणे सांगतात. चेहरा मात्र उसाच्या वजनात काटा मारलेला पाहिल्यासारखा.

मग आलं प्रवचन. "लगा, 1843 साली ह्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत पदं सगळी सूत्रधारानं म्हणायची, राक्षसांनी नुसता आरडाओरडा करायचा. कार्ड म्हंजे राक्षस. ड्रायव्हर म्हंजे सूत्रधार! तो लोकांसमोर उभा पायजे. पडद्याआड बसून 'मी काय करतो ते विचारू नका' म्हणणारा सूत्रधार काय कामाचा?"

2012 साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं. तो प्रसंग अण्णा साभिनय सांगतात. वहिनी चहा घेऊन आल्या, की त्या बोटाचा अंगठा होतो. त्या कंपनीची माहिती मिळत नव्हती तेव्हा नुवो नावाचा ड्रायव्हर लोकांनी कार्डाची चालचलणूक न्याहाळून, उलट्या बाजूनं उकल करत लिहिला, हे सांगताना त्यांचा गळा दाटतो. 2022 च्या मे महिन्यात कंपनीनं कर्नलमधला आपला भाग खुला केला, पण वरचा ड्रायव्हर बंदच ठेवला. "पडवी उघडली, माजघराला कुलूप!"

एएमडीनं मात्र 2007 पासून कागदपत्रं खुली करायला घेतली, 2015 साली 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला आणि वरचं चित्राचं काम मेसा हा खुला संच बघतो. यावर एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं, "पण अण्णा, त्या कार्डाचं फर्मवेअर तर बंदच असतं ना?" अण्णा क्षणभर थांबले. "घरात एखादं कपाट कुलपात असतंच की!" माजघराचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

भाच्यानं जुन्या बाजारातलं एक आरएक्स 580 मोबाइलवर दाखवलं. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल पारखावा तसे अण्णा फोटो मोठा करकरून पंख्याच्या कडा न्याहाळू लागले. "क्रिप्टोच्या घाण्याला जुंपलेलं हाय हे. आणि 580 च्या नावाखाली 2304 च्या जागी 2048 प्रोसेसरचं वाणही खपवतात. दात मोजल्याबिगर बैल घ्यायचा न्हाई." इंटेलचं आर्क? "चांगलं हाय, पण रिसायझेबल बार नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर त्याचा जीव रमत न्हाई." आरएक्स 6400? "53 वॅटच खातंय, पण लेन चारच. तुझ्या जुन्या बोर्डावर बैलगाडीच्या वाटेनं जाईल." अखेर तिसऱ्या दिवशी, पेढे संपल्यावर, निकाल लागला: आरएक्स 6600. 132 वॅट, साडेचारशेच्या एसएमपीएसला झेपणारं.

कार्ड बसवायला अण्णा स्वतः कोयना एक्सप्रेसनं साताऱ्याला आले. माहुलीच्या स्टेशनवर उतरले तेव्हा खांद्याला पिशवी: तीन पेनड्राइव्ह, स्क्रूड्रायव्हरचा संच, आणि वीस वर्षांतल्या कमांडा लिहिलेली, कोपरे झिजलेली वही. या वहीवरच अण्णांचा नावलौकिक उभा होता. रात्री दीडला कुणाचा पडदा काळा पडला, की दोन्ही जिल्ह्यांतून फोन अण्णांनाच. पूर आला की सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी विचारतात, तसे लोक अण्णांना विचारायचे, "अजून किती वेळ?"

कार्ड खाचेत बसलं. स्क्रू आवळला. अण्णांनी वही उघडून मांडीवर घेतली आणि बोटाला थुंकी लावून खुणेचं पान काढलं. भाच्यानं बटण दाबलं.

चित्र आलं.

स्वच्छ, सरळ, पूर्ण मापाचं. डाऊनलोड नाही, कमांड नाही, रीस्टार्टही नाही. भाच्यानं गेम लावला. अभ्यास सुरू झाला. अण्णा बघत राहिले. "कुठं अडकतंय का?" नाही. "रेघा?" नाही. "झोपवून उठवून बघ." कॉम्प्युटर झोपला आणि शहाण्या मुलासारखा उठलाही. अण्णांनी हळूच वही मिटली. इतकी वर्षं ज्या ड्रायव्हरची भलामण केली, त्यानं असा हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्यावा! जेवणातही लक्ष नव्हतं. आग्रह करूनसुद्धा एकच भाकरी.

निघायच्या वेळी भाच्यानं सहज विचारलं, "अण्णा, हे बाबांच्या फोर-के टीव्हीला जोडलं तर 120 हर्ट्झ मिळेल?"

अण्णा उंबऱ्यावर थांबले. चेहऱ्यावर हळूहळू रक्त परतलं. एचडीएमआय 2.1 साठी एएमडीनं खुला ड्रायव्हर तयार केला होता, पण नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं 2024 साली त्याला नकार दिला. डिस्प्लेपोर्टनं भागलं असतं, पण घरगुती टीव्हीला ते भोक कुठून असणार?

"वहिनी," अण्णा चपला काढत भाच्याच्या आईला म्हणाले, "अजून एक भाकरी असंल का?"

आणि मांडी ठोकून त्यांनी वही उघडली.