कॉमा सर

साईनगर घ्या, राठीनगर घ्या, नाही तर थेट कॅम्प. अमरावतीच्या प्रत्येक वस्तीत एक कॉमा सर असतातच. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, खिशात लाल पेन आणि नजर शब्दांपेक्षा शब्दांच्या खांद्यावर काय बसलंय त्यावर. अंबादेवीच्या दर्शनाला निघतात, पण वाटेतल्या पाटीवर ‘शुद्ध’ तूप असं अवतरणचिन्हांत दिसलं की तिथेच थबकतात.

“शुद्ध असं कोण म्हणतं?” सर दुकानदाराला विचारतात.

“मीच म्हणून राह्यलो ना जी!”

शिकवणीत एखादं पोरगं ‘आय ॲम हंग्री’ लिहून चिन्ह मिटवतं, मग बाहेर कॉमा देतं आणि पुढे ‘सेड राम’ लिहितं. सर कपाळाला हात लावतात. “रामाचं बोलणं संपलं, वाक्य संपलं का? नाही! म्हणून पूर्णविराम नाही, कॉमा. आणि तो आत, दाराबाहेर नाही!” प्रश्नचिन्ह आलं की कॉमाला सुट्टी, पण पुढच्या ‘ही आस्क्ड’चं पहिलं अक्षर लहानच. वाक्याच्या मध्येच ‘ही सेड’ घुसलं, तर उरलेलं वाक्यही लहान अक्षरानेच पुढे चालतं. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद.

“सर, दोघं जण नुसते यस-नो करत बसले, तं वही संपून जाईन ना!”

“मग नवी घे.”

सर ब्रिटिश पंथाचे. नुसत्या एखाद्या शब्दाला अवतरण दिलं आणि तिथेच वाक्य संपलं, तर ब्रिटिश पूर्णविराम चिन्हाबाहेर ठेवतात, अमेरिकन आत ओढतात. सरांचा नातू पुण्यात बसून अमेरिकन कंपनीची कामं करतो. त्याचा पूर्णविराम आत. दिवाळीत त्या एका टिंबावरून आजा-नातवाचं असं जुंपतं की चिवडा सादळून जातो.

‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक 1850 साली काढून मराठीला ही शिस्त लावणारे मेजर थॉमस कँडी म्हणजे सरांचे ‘आमचे कँडीसाहेब’. मी एकदा म्हटलं, सर, आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं. पानोपानी संवाद, अवतरणचिन्ह औषधालाही नाही, तरी कोण काय बोललं ते कळतंच की!

“म्हाइंभटांना दहावीचा पेपर नव्हता,” सर म्हणाले.

खरं तर वऱ्हाडी माणूस अवतरण तोंडानेच लावतो. ‘थो मले म्हणे, मी येतो म्हणे, तू थांब म्हणे.’ चहाच्या टपरीवर अशी कुणाची भानगड रंगात आली की सर हात वर करतात, “थांब. यातलं तो किती म्हणाला आणि तू किती म्हणतोस?” निम्मी भानगड तिथेच गळून पडते. सर येताना दिसले की गल्लीतल्या बातम्या हल्ली थेट हवामानावर येतात.

त्यांचा एक नियम मात्र आम्हा विद्यार्थ्यांना तोंडपाठ. एकाच माणसाचं बोलणं अनेक परिच्छेद चाललं, तर दर परिच्छेदाला चिन्ह उघडायचं, मिटवायचं फक्त शेवटी. मध्यंतरी सरांचा सत्कार झाला. सर उत्तराला उभे राहिले. हार सुकले, गिलावडा गार झाला, माइकवाला घड्याळ पाहू लागला. शेवटी मागच्या रांगेतून एक जुना विद्यार्थी ओरडला, “सर, मिटवाचं चिन्ह राह्यलं!”

सरांनी चष्मा वर केला. “राहिलं नाही. परिच्छेद संपला, बोलणं नाही.”