हस्ते मम्मी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धाराशिवच्या तांबरी विभागात किंवा समर्थनगरात रात्री अकराला एखाद्या घरात दिवा दिसला आणि आतून कात्रीची कर्रकर्र ऐकू आली, तर खुशाल समजावं की सिनियर केजीतले चिरंजीव मम्मी-पप्पांसाठी स्वतःच्या हातांनी भेटवस्तू बनवतायत. चिरंजीव नऊलाच झोपलेत, ही किरकोळ बाब.

जागी असते ती हस्ते मम्मी. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर देणाऱ्याचं नाव ठळक असतं आणि पैसे आणून देणारा खाली ‘हस्ते’पुढं बारीक अक्षरात बसतो, तशी ही. नाव लेकराचं, हात हिचे. कळंब, उमरगा, परंडा, कुठंही जा. इंग्रजी शाळेची पिवळी बस पोचली तिथं हीही पोचलेली असते. बहुधा डी.एड. झालेली. शिक्षकभरतीची वाट बघता बघता लग्न झालं, आणि पाठ टाचणात दाबून ठेवलेली सगळी विद्या आता एका लेकरावर मोकळी होते.

१४ फेब्रुवारी ही तारीख आमच्याकडं जरा जपूनच हाताळावी लागते. शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो : व्हॅलेंटाइन हा शब्द कुणी वापरू नये, आपण ‘मातृ-पितृ पूजन’ करणार आहोत, मात्र कार्ड लालच असावं, बदामाच्या आकाराचं असावं आणि घरातल्या वस्तूंपासून मुलांनी स्वतः केलेलं असावं. म्हणजे आईची भेट लेकरानं करायची, लेकराचं काम आईनं करायचं, आणि शाळेत ती हातात पडली की पुन्हा आईनंच ‘अगं बया! माझ्यासाठी?’ म्हणायचं. हस्ते मम्मी हे इतकं मनापासून म्हणते की शेजारच्या आया फोटो काढतात.

कच्च्या मालाचं तिचं कोठार दिवाणात. संक्रांतीच्या वाणातले उरलेले डबे, आइस्क्रीमच्या काड्या, लोकरीचे गुंडे, साडीची उसवलेली लेस, कुंथलगिरीच्या पेढ्यांची खोकी आणि गठ्ठ्यानं लग्नपत्रिका. पत्रिका हे या उद्योगाचं खरं भांडवल. जाड, लाल, सोनेरी कडेचा कागद, तोही घरपोच. आहेर केला तिथून तेवढं तरी वसूल, असा तिचा हिशेब. अडचण एवढीच की बदाम कापला तरी पाठीवरचा मजकूर जात नाही. एका साली पप्पांच्या बदामामागं ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ निघालं आणि मम्मीच्या बदामामागं ‘कृपया आहेर आणू नये’. ही दुसरी सूचना पप्पा आजतागायत पाळतात.

पेढ्याच्या खोक्याची फोटोफ्रेमही होते. कुंथलगिरीचा खवा नावाजलेला, त्याचा वास पुठ्ठ्यातून सहजासहजी जात नाही. सकाळी मुंग्यांची रांग थेट फोटोतल्या पप्पांच्या मिशीपर्यंत गेलेली.

लेकराला ती अगदीच वगळते असं नाही. रविवारी दुपारी त्याला समोर बसवून ठसेकाम होतं. बटाटा मधोमध कापायचा, सुरीच्या टोकानं बदाम कोरायचा, कडेचा भाग अर्धं बोट खोल काढून टाकायचा आणि ठसा फडक्यानं कोरडा करायचा, नाहीतर बटाट्याच्या पाण्यानं रंग फुटतो. हे सगळं ती डी.एड.च्या पाठासारखं नीट समजावून सांगते. चिरंजीव पहिला ठसा कार्डावर मारतात, दुसरा फरशीवर, तिसरा फ्रिजवर. मग लाल रंग संपतो म्हणून तुळजापूरचं कुंकू पाण्यात कालवलं जातं, त्यात दोन्ही पंजे बुडतात, आणि पुढचे काही दिवस त्या घरातली एकही उशी पांढरी राहत नाही.

एवढं झाल्यावर त्याच्या हातात कात्री येते. तो जीभ बाहेर काढून, श्वास रोखून एक बदाम कापतो. एक बाजू फुगलेली, दुसरी चपटी. त्याला हिरव्या खडूनं देठ काढतो आणि जाहीर करतो, ‘वांगं!’ मम्मी म्हणते, ‘किती छान! दे, मम्मी जरा नीट करते.’ या ‘जरा’मध्ये देठ जातो, फुगलेली बाजू जाते, चपटीला पुठ्ठ्याचं ठिगळ लागतं, वर चमकी पडते. खरं सांगायचं तर वांगंच चांगलं होतं. पण ग्रुपवर वांग्याचा फोटो टाकणार कोण?

यंदा कार्डाच्या कडेला कवड्या लावल्या होत्या. सुंदर दिसत होत्या. पहाटे देव्हाऱ्यापाशी आज्जींचा आवाज चढला. आज्जी तुळजाभवानीच्या आराधी. त्यांच्या गळ्यातली माळ तुटली म्हणून सुटलेल्या कवड्या त्यांनी परडीत जपून ठेवल्या होत्या.

‘आगं, आईच्या माळंच्या कवड्या हायत त्या! टिकल्या हायत व्हय चिकटवायला?’

‘आत्या, कार्डही आईसाठीच आहे.’

‘तुज्यासाठी हाय म्हन की सरळ!’

कवड्या कोमट पाण्यात भिजवून, फेव्हिकॉल नखानं खरवडून, हळद-कुंकू वाहून परडीत परत गेल्या. आज्जींना इतक्या पहाटे हे कळलं कसं, याचा तपास लागला नाही.

बाहेरच्या जगातही हा उद्योग घरातूनच वाढला. अमेरिकेत वुस्टर गावी १८४० च्या दशकात एस्थर हाउलंड या कागद-पुस्तकांच्या दुकानदाराच्या मुलीनं लेस आणि रंगीत कागद लावून असली कार्डं करायला घेतली. मैत्रिणी बसवल्या, एक कापणार, एक चिकटवणार. तिचा पुढं मोठा धंदा झाला. हस्ते मम्मीकडं मैत्रिणी नाहीत, पप्पा आहेत. त्यांना फेव्हिकॉलचं झाकण उघडायला बोलावतात.

पप्पा तसे जिल्हाभिमानी. दर फेब्रुवारीत म्हणतात, ‘ही परदेशी थेरं कशाला? आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे आहेत, बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून जोडीनं पडतात, मधे पाणीमहाल. तुला तिकडं नेतो.’ फेब्रुवारीत तिथं पाणी नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. भर पावसाळ्यात नर-मादी कोसळायला लागले की तेच पप्पा म्हणतात, ‘एवढ्या पावसात?’

२०२३ साली मात्र या बाईची कसोटी लागली. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारायचं आवाहन केलं. हिनं त्याच रात्री पुठ्ठ्याची गाय कापली, पोटावर बदाम लावला. १० तारखेला मंडळानं आवाहन मागं घेतलं. दुसरी एखादी रडली असती. हिनं गाईची शिंगं छाटली, शेपूट आखडती केली, वरून काळा रंग मारला आणि उस्मानाबादी शेळी उभी केली. त्याच साली गावाचं धाराशिव झालं. शेळी उस्मानाबादीच राहिली. पप्पा म्हणाले, ‘मग दोन करडंही चिकटव, ही जात जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे.’ ती दोन्ही करडं अजून टीव्हीवर आहेत.

चौदा तारीख सरली तरी बदामाची सुटका नसते. भेट तिचीच, त्यामुळं मालकीही तिचीच. १९ ला शिवजयंती. बदाम उलटा धरला की गड होतो. टोकावर भगवा लावला की काम भागलं. २७ ला मराठी भाषा गौरव दिन. भगवा काढून आइस्क्रीमच्या काडीचं खोड लावलं की तेच अक्षरवृक्ष, अंगावर अ ते ज्ञ. २८ ला विज्ञान दिन आला तेव्हा तिनं अक्षरं खरवडली, बदाम पुन्हा सुलटा केला, अर्धा निळा रंगवला, वरून नारळपाण्याच्या दोन नळ्या खोचल्या आणि खाली लिहिलं, ‘मानवी हृदयाची रचना’.

प्रदर्शनाला आलेले पाहुणे त्यापाशी थांबले. कौतुकानं खाली वाकले.

‘अरे वा! बाळा, हे कुणी केलं?’

‘मम्मीनं.’

‘मग तू काय केलंस?’

‘मी आज्जीला कवड्या दाखवल्या.’