नंदीबैलांची रांग

विमानात बसल्यावर आपण हातापायांनी आणि डोक्याने धड आहोत, असं परक्या माणसाला तोंडाने सांगावं लागतं ते एकाच ठिकाणी : पंखावर उघडणाऱ्या संकटकालीन दाराच्या रांगेत. गणवेशातली मुलगी वाकून विचारते, वेळ आलीच तर दार उघडाल ना? पाय ऐसपैस पसरलेला प्रवासी एका कानातलं बोंडूक काढतो, ‘यस’ म्हणतो आणि ते परत कानात खुपसतो. झाली परीक्षा. ढोलक्याच्या गुबुगुबुवर दारातला नंदीबैल यंदा पाऊस चांगला पडेल म्हणून मान डोलावतो, तो अशाच खात्रीने. फरक इतकाच, की नंदीबैलाला मान डोलावल्यावर सुपातून धान्य मिळतं आणि इथे मान डोलावणाऱ्याने त्या मानासाठी आधीच जादा पैसे भरलेले असतात.

या रांगेत कोणी बसावं याचा अमेरिकेतला नियम १९९० सालचा आहे आणि तो वाचताना स्थळाची जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. दोन्ही हात, दोन्ही पाय, अंगात पुरेशी ताकद. चष्मा चालेल, श्रवणयंत्र चालेल. वय १५ पूर्ण. छापील सूचना वाचता याव्यात, समजाव्यात आणि दुसऱ्यांना ओरडून सांगताही याव्यात. पदरी लहान मूल नसावं. एक गोष्ट मात्र आपल्या स्थळांच्या जाहिरातीत कधी सापडणार नाही : ज्याला ही जबाबदारी नको त्याने नुसतं ‘मला दुसरीकडे बसवा’ म्हणायचं, का म्हणून विचारायचा हक्क कंपनीला नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचाही सूर तोच आहे. ज्याच्या हालचालींना मर्यादा आहेत त्याला सुटकेच्या वाटेत अडथळा होईल अशा जागी बसवू नये. माझं म्हणणं असं, की नियमाचा हा अर्धा भाग बरोबर आहे आणि तो काटेकोर पाळलाही जातो. गडबड आहे ती उरलेल्या अर्ध्यात, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण ती चालत-फिरत, दोन पायांवर विमानात चढते.

मँचेस्टरचं उदाहरण घ्या. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तिथल्या धावपट्टीवर एका बोइंग ७३७ने पेट घेतला. उजव्या पंखावरच्या दाराशी बसलेली तरुणी घाईघाईने पट्टा सोडून दार उघडायला लागली आणि जिवाच्या आकांताने तिने जे ओढलं तो निघाला खुर्चीचा हात. शेजारच्या प्रवाशाने खरी मूठ ओढली, तेव्हा सुमारे २२ किलोचं ते दार सुटून आत तिच्याच अंगावर पडलं आणि ती त्याखाली अडकली. मागच्या रांगेतल्या एकाने हात लावून ते उचललं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्या आगीत ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. सगळे मृत्यू त्या दाराच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण त्या मुलीला कुठल्याही नियमाने तिथून उठवलं नसतं. हात होते, पाय होते, वयही होतं. नव्हतं ते एवढंच, की हे दार कुठे धरायचं, किती जड असतं आणि कुठल्या बाजूला येतं हे तिच्या हातांना कोणी दाखवलेलं नव्हतं.

आता यावर कोणी म्हणेल, की मग अपंगांनाच का अडवता? हा भेदभाव नव्हे काय? एस. टी.त अपंगांची राखीव जागा पुढे, चढा-उतरायला सोयीची. विमानात नेमकं दारापासून दूर! शंका रास्त आहे, पण एस. टी.चं दार वाहक उघडतो. तिथे दाराजवळ बसणं ही सोय आहे, विमानात ती बिनपगारी नोकरी आहे. खरा भेदभाव कसा दिसतो ते २०१२ साली दिसलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना स्पाइसजेटच्या विमानातून खाली उतरवण्यात आलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. माणसाला विमानातून उतरवणं आणि एका रांगेतून दुसऱ्या रांगेत बसवणं यांत फरक आहे. तरीही दुसऱ्या रांगेत गुडघा मावत नाही, ही तक्रार खरीच. ज्याचा पाय वाकत नाही त्याला लांब जागा सर्वांत जास्त हवी, आणि लांब जागा नेमकी तिथेच, जिथे पाय न वाकणाऱ्याला मज्जाव. अमेरिकेने यावर साधा तोडगा काढला आहे : पाय ताठ राहणाऱ्या प्रवाशाने मागितलं, की पुढच्या भिंतीसमोरची किंवा पाय लांब करता येईल अशी दुसरी जागा कंपनीने द्यायची, तीही पाय ज्या बाजूला सोयीने पसरेल त्या बाजूची. म्हणजे लांब जागा आणि दाराची राखण यांची गाठ देवाने बांधलेली नाही, ती तिकीट खिडकीवर बांधली गेली आहे.

हिशेबातली आणखी एक गंमत सांगायला हवी. विमान निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे, अशी नवीन विमानाची चाचणी असते. एअरबस ए-३८०ने २००६ साली हॅम्बुर्गमध्ये ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर काढली. लग्नाच्या पंगतीतून एवढी माणसं एवढ्या वेळात पानावरून उठतसुद्धा नाहीत. चाचणीला किमान ४० टक्के बायका लागतात, किमान ३५ टक्के पन्नाशीपुढचे लागतात, तान्ह्या बाळांऐवजी तीन बाहुल्या लागतात. पण सगळे असावेत सामान्य प्रकृतीचे. कुबडी नाही, चाकाची खुर्ची नाही. ज्याला दाराशी बसू देत नाहीत त्याला मुळात त्या नव्वद सेकंदांतही धरलेलं नाही. त्याला राग आला तर तो त्याने या बाहुल्यांवर काढावा; दाराजवळच्या खुर्चीवर काढून उपयोग नाही.

उरला तो पैसे भरून बसलेला धडधाकट. कंपन्या म्हणतील, जागा विकली म्हणून काय झालं, अटी तर सांगतोच. सांगता, पण विकता काय? ‘जबाबदारी, जादा दराने’ अशी जाहिरात कोणी करत नाही. विकले जातात पाय. मग ज्याला पाय पसरून झोपायचं आहे तोच ती घेणार, आणि झोपायला आलेल्या माणसाला तुम्ही पहारेकरी नेमलेलं असतं. शिवाय दाराजवळचा हात नेहमी संकटाचीच वाट बघतो असंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या विमानात, ते जमिनीवर असतानाच, एका खासदारांच्या हातून आपत्कालीन दार चुकून उघडलं. विमानाची पुन्हा तपासणी झाली, उड्डाण लांबलं.

शेवटचा आक्षेप वेळेचा. प्रत्येकाची ताकद तपासत बसलं तर विमान उडायचं कधी? पण तपासायला कंपन्यांना वेळ नाही हे पटत नाही, कारण ते तपासतात, मन लावून तपासतात. फाटकापाशी लोखंडी चौकट उभी असते, तिच्यात तुमची पिशवी मावते का ते बघतात. हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा. काट्याने थोडं जास्त दाखवलं, की कोपऱ्यात बसून लोणच्याची बरणी कोटाच्या खिशात घालावी लागते. ए-३२० जातीच्या अनेक विमानांत पंखावरचं दार सुमारे १५ किलोचं असतं, ते आत ओढून, आडवं करून बाहेर भिरकावायचं. त्यासाठी त्या चौकटीशेजारी एक मूठ आणि १५ किलोचं वजन टांगायला काय हरकत आहे? उचललं तर बारावी रांग, नाही उचललं तर पैसे परत आणि मधली खुर्ची. ज्यांची हरकत असेल त्यांनी खुशाल मान डोलवावी. गुबुगुबु वाजवायला कर्मचारी आहेतच.